अधिक शंभर, उणे शून्य

प्रायव्हेट पायलटचं लायसन्स हातात असलं, तरी ढगात शिरायची परवानगी नसते. त्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग वेगळं घ्यावं लागतं. ते मला नोव्हेंबर २०२३ मध्ये मिळालं. अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या माणसाला यात कुठले कागद लागतात, पैसे किती जातात, कुठे थांबावं लागतं, हे मराठीत एका जागी कुठे वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. पण मी या वाटेला का लागले, ते आधी सांगायला हवं.

आम्ही मेरीलँडमध्ये गेदर्सबर्गला राहतो. माझं प्रायव्हेट लायसन्स इथल्याच माँटगोमेरी काउंटी एअरपार्कवर झालं. ४,२०२ फुटांची एकच धावपट्टी. कंट्रोल टॉवर नाही. येणारा-जाणारा पायलट रेडिओवर आपापली जागा सांगतो आणि उतरतो. २७ नोव्हेंबर २०२२, थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार. दिवसभर झिरझिर पाऊस होता आणि संध्याकाळी चांगलंच धुकं उतरलं. पावणेसहाच्या सुमाराला घरातले दिवे गेले. इथे वादळाशिवाय वीज सहसा जात नाही, त्यामुळे शेजारीपाजारी बाहेर येऊन बघायला लागले. थोड्या वेळाने फोनवर बातमी आली: उतरायला येणारं एक छोटं विमान विजेच्या टॉवरवर आदळलं आहे आणि तिथेच अडकलं आहे.

ते मूनी एम-२०-जे जातीचं एक इंजिनाचं विमान होतं. न्यूयॉर्कजवळच्या व्हाइट प्लेन्सहून निघालं होतं, आत दोघं होते. धावपट्टी अजून मैलभर लांब असताना विमानाचं नाक टॉवरच्या लोखंडी जाळीत घुसलं आणि जमिनीपासून साधारण १०० फुटांवर ते लटकून राहिलं. काउंटीतल्या सव्वा लाखाच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. दुसऱ्या दिवशी शाळा बंद राहिल्या. पायलट आणि त्याच्याबरोबरची प्रवासी दोघेही शुद्धीवर होते, आतूनच फोनवर बोलत होते. त्यांना खाली आणेपर्यंत मध्यरात्र उलटून गेली. सुमारे सात तास.

इतका वेळ का लागतो, हे मला त्या रात्री आण्णांनी समजावलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, विद्युत मंडळात लाइनमन म्हणून लागले आणि महावितरणमधून निवृत्त झाले. इस्लामपूरला असतात. आमच्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे त्यांच्याकडे सकाळचे साडेसात. मी फोन केला तेव्हा त्यांचा चहा चालला होता. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती केव्हीची लाइन हाय?"

मी म्हटलं, नक्की माहीत नाही, पण मोठी टॉवर लाइन आहे.

"मग परमिट हातात आल्याशिवाय शिडीसुद्धा लावायची न्हाई पोरी. सप्लाय बंद केला म्हंजे झालं असं नसतंय. शेजारची लाइन चालू असली की बंद तारेत बी व्होल्टेज चढतंय. दोन्ही अंगाला अर्थिंग घालायचं, मग हात लावायचा."

तिथेही नेमकं तेच चाललं होतं. वीज कंपनीच्या माणसांनी आधी तारा अर्थ केल्या, मग विमान हलू नये म्हणून ते टॉवरला साखळ्या-पट्ट्यांनी बांधलं आणि त्यानंतर बचाव पथकाची माणसं वर गेली. दोघे जखमी होते, थंडीने गारठले होते, पण वाचले.

पुढे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा, म्हणजे एनटीएसबीचा, तपास आला. त्या वेळी ढगांचा तळ जमिनीपासून जेमतेम २०० फुटांवर होता आणि दृश्यता सव्वा मैल. पायलट उपग्रहाच्या आधाराने धावपट्टी क्रमांक १४ चा ॲप्रोच करत होता, म्हणजे उपकरणं बघत ठरलेल्या मार्गाने उतरत येत होता. त्या ॲप्रोचमध्ये टप्प्याटप्प्यावर किती उंची राखायची हे ठरलेलं असतं. त्या उंचीच्या खाली तो धावपट्टी दिसायच्या बराच आधी उतरला होता. धावपट्टी १४ वर मी स्वच्छ उन्हात कितीतरी वेळा उतरलेली होते. त्या टॉवरवरून गेलेली होते. पण धुक्यात तिथे यायचं म्हणजे काय करायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. अपघाताबद्दल हळहळण्यापेक्षा ते शिकून घ्यावं, असं मी ठरवलं. नवरा आधी गप्प बसला. मग म्हणाला, शिकणार असशील तर पूर्ण शीक, मध्ये सोडू नकोस.

जानेवारी २०२३ मध्ये अर्जाची जुळवाजुळव करत होते, तेव्हाच मध्य प्रदेशातल्या रेवाहून एक बातमी आली. रात्रीच्या धुक्यात एक शिकाऊ विमान उमरी गावात मंदिराच्या शिखराला आणि विजेच्या तारांना धडकलं. प्रशिक्षक गेले, शिकणारा जखमी झाला. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये अलिगढजवळ धनीपूरच्या धावपट्टीवर उतरताना एक छोटं विमान तारांत अडकून कोसळलं होतं. त्यातले सहाही जण बचावले. आईचा फोन आला, "हे आता कशाला?" तिला मी एवढंच सांगितलं की हे न शिकता उडत राहणं जास्त धोक्याचं आहे. तिला ते पटलं नाही. आण्णांना पटलं.

आता कागदपत्रं. माझं ग्रीन कार्ड आहे, तरीही या कामासाठी मी परदेशीच. परदेशी माणसाला प्रायव्हेट लायसन्स, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि दोन इंजिनांचं रेटिंग या तिन्हींसाठी टीएसएची, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाची, मंजुरी लागते. नुसतं विमान भाड्याने घेऊन उडायला किंवा दर दोन वर्षांच्या उजळणीला ती लागत नाही. मी शिकले तेव्हा प्रत्येक प्रशिक्षणाला अर्ज वेगळा होता, म्हणजे प्रायव्हेटच्या वेळी दिलेली मंजुरी इथे उपयोगाची नव्हती. फी १३० डॉलर, शिवाय बोटांच्या ठशांचे वेगळे साधारण १०० डॉलर. अर्ज ऑनलाइन करायचा. त्यात पासपोर्ट, ग्रीन कार्ड किंवा व्हिसा, गेल्या पाच वर्षांतले पत्ते आणि फ्लाइंग स्कूलचं नाव द्यायचं. स्कूलने तो अर्ज त्यांच्या बाजूने मान्य केला की पैसे भरायचे, मग ठसे. सगळं पूर्ण झाल्यावर ३० दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं. माझी मंजुरी फेब्रुवारीच्या अखेरीस आली. तिथून १८० दिवसांत शिक्षण सुरू करायचं आणि एका वर्षात संपवायचं. पहिल्या दिवशी स्कूलवाले तुमचा फोटो काढून वर पाठवतात, त्याशिवाय तास सुरू होत नाही. २०२४ च्या मध्यापासून हा नियम सोपा झाला आहे. आता एकदा मंजुरी मिळाली की ती पाच वर्षांपर्यंत चालते, फी १४० डॉलर आहे आणि प्रत्येक रेटिंगसाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

आपल्या मंडळींसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नावाची. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. ड्रायव्हिंग लायसन्सवर ते कधी मधलं नाव होतं, कधी एक अक्षर उरतं, कधी गळूनच जातं. टीएसएचा अर्ज, एफएएची (इथलं नागरी विमान वाहतूक खातं) आयक्रा नावाची अर्जाची वेबसाइट, मेडिकल सर्टिफिकेट आणि लेखी परीक्षेच्या केंद्रावर दाखवायचं ओळखपत्र, या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखं हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर हे डोळ्यांत तेल घालून बघावं. मी सुरुवातीलाच सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव लावून घेतलं आणि पुढे एकदाही अडलं नाही. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका तेलुगू मुलाचे यात पाच-सहा आठवडे गेले.

मार्चमध्ये शिकायला सुरुवात झाली. नियमाप्रमाणे ४० तास उपकरणांवर उडवायचे असतात, त्यातले किमान १५ तास इन्स्ट्रुमेंट शिकवायचा परवाना असलेल्या इन्स्ट्रक्टरबरोबर. शिवाय आधीचे ५० तास दूरच्या प्रवासाचे हवेत. ते माझ्याकडे होते. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी प्रायव्हेट झाल्या झाल्या ५० मैलांच्या पलीकडच्या विमानतळांवर जायला लागावं. घराभोवती घिरट्या घालून ते भरत नाहीत. ४० पैकी २० तासांपर्यंत मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर करता येतात. सिम्युलेटरचे दर विमानाच्या निम्म्याहून कमी असतात आणि चुकलं की तिथेच थांबवून पुन्हा करता येतं. माझा आग्रह आहे की पहिले सगळे धडे सिम्युलेटरवरच करावेत.

आमचं विमानतळ वॉशिंग्टनभोवतीच्या ३० नॉटिकल मैलांच्या खास सुरक्षा क्षेत्रात येतं. त्यामुळे इंजिन सुरू करायच्या आधीच फ्लाइट प्लॅन, रडारवर विमानाची ओळख पटवणारा वेगळा ट्रान्सपॉन्डर कोड आणि पोटोमॅक ॲप्रोच या कंट्रोल केंद्राशी बोलणं हे सगळं ओघाने येतं. बाहेरून शिकायला येणारे याला घाबरतात. आम्हाला त्याची सवय होती आणि इन्स्ट्रुमेंटच्या शिक्षणात त्याचा फायदाच झाला, कारण कंट्रोलरशी बोलायची भीड आधीच चेपलेली होती.

शिकताना डोक्यावर हुड घालतात. पुढे लांब झाप असलेली टोपीच ती. समोरची उपकरणं दिसतात, बाहेरचं काही नाही. इन्स्ट्रक्टर शेजारी बसून बाहेर बघत राहतात. पहिल्या महिन्यात मी घरी यायचे ती मान आखडून आणि डोकं जड होऊन. उंची बघावी तर दिशा सुटायची, दिशा धरावी तर वेग. मग होल्डिंग आलं, म्हणजे एका ठरावीक जागी घाण्याच्या बैलासारखं फिरत राहायचं. आणि वाऱ्यामुळे प्रत्येक फेरीत कोन बदलायचा.

मेमध्ये पहिल्यांदा खऱ्या ढगात गेलो. हुडमध्ये आणि ढगात किती फरक आहे ते तोवर कळलं नव्हतं. हुड असताना कडेने उन्हाची तिरीप येते, सावली फिरते, शरीराला त्यातून अंदाज येत असतो. ढगात सगळीकडे सारखाच पांढुरका उजेड. काचेवर पाण्याचे थेंब मागे पळतात, तेवढीच हालचाल. दोन-तीन मिनिटांत माझ्या कानांनी मला ठामपणे सांगितलं की विमान डावीकडे कललेलं आहे. समोरचं कृत्रिम क्षितिज सांगत होतं, सरळ आहे. हात आपोआप उजवीकडे ओढत होता. इन्स्ट्रक्टर शांतपणे म्हणाले, "ज्याच्यावर आकडे आहेत त्याच्यावर विश्वास ठेव." मी मान सरळ ठेवली आणि आवाज चढवून उपकरणं वाचायला लागले: उंची तीन हजार, दिशा एकशेचाळीस, वेग नव्वद. मोठ्याने वाचलं की कानांचा हट्ट मोडतो. हे मी अजूनही करते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅनडातल्या वणव्यांचा धूर इथपर्यंत आला. वॉशिंग्टनच्या आकाशात सूर्य लालसर टिकलीएवढा दिसत होता. हवा इतकी वाईट झाली की स्कूलने उड्डाणंच थांबवली. ते दिवस मी लेखी परीक्षेला दिले. ६० प्रश्न, अडीच तास, पास व्हायला ७० टक्के, फी १७५ डॉलर. परीक्षेला बसायला इन्स्ट्रक्टरची सही लागते, मग ते इन्स्ट्रक्टर प्रत्यक्ष असोत वा ऑनलाइन कोर्सचे. निकाल २४ महिने चालतो. परीक्षा मी ऑगस्टमध्ये दिली. तसा अभ्यास सवडीने होण्यासारखा आहे, पण हवामानाचे नकाशे आणि पर्यायी विमानतळाचे नियम यांना वेळ द्या, तिथे मार्क जातात.

जुलैमधली एक सकाळ मात्र सविस्तर लिहायची आहे. इन्स्ट्रक्टर म्हणाले, आज आपल्याच धावपट्टी १४ चा ॲप्रोच. मला हे करायचंच होतं. रात्री झोप नीट लागली नव्हती, हेही खरं.

ॲप्रोचची माहिती एका पानावर असते, त्याला प्लेट म्हणतात. वरून मार्ग, खाली बाजूने दिसणारा उतार. प्रत्येक टप्प्याच्या जागेपाशी उंचीचा आकडा आणि त्या आकड्याखाली एक रेघ. खाली रेघ असली की त्याचा अर्थ, याच्या खाली जायचं नाही. तो टप्पा ओलांडला की पुढच्या आकड्यापर्यंत उतरायचं, तिथे थांबायचं. शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. तिथे पोचल्यावर धावपट्टी, तिचे दिवे किंवा नियमात लिहिलेली ठरावीक खूण दिसली तरच पुढे. नाही दिसली तर ताकद पूर्ण, नाक वर, आणि परत चढायचं. ॲप्रोचच्या आधी जवळच्या विमानतळाचा हवेचा दाब अल्टिमीटरमध्ये, म्हणजे उंची दाखवणाऱ्या उपकरणात, बसवायचा. पाऱ्याच्या एक दशांश इंचाची चूक झाली, तर उंची १०० फुटांनी चुकते. टॉवर तेवढ्याच उंचीचे असतात. हे वाक्य इन्स्ट्रक्टरनी त्या सकाळी सहज बोलावं तसं उच्चारलं आणि मी दाब पुन्हा एकदा ताडून बघितला.

पहिला ॲप्रोच हुड घालून केला. दुसऱ्या वेळी अर्ध्या वाटेत ते म्हणाले, हुड काढ आणि खाली बघ. स्वच्छ ऊन होतं, आम्ही नेमक्या उतारावर होतो. खाली झाडी, घरांची छपरं, आणि झाडीतून काढलेल्या मोकळ्या पट्ट्यात एकामागोमाग एक राखाडी टॉवर. तारा दिसल्या नाहीत. मी डोळे ताणून बघितलं, टॉवर कुठे आहेत ते माहीत होतं, तारा कुठून कुठे जात असणार तेही माहीत होतं, तरी दिसल्या नाहीत. भर उन्हात. इन्स्ट्रक्टर म्हणाले, तारा शोधायच्याच नाहीत, टॉवर शोधायचे. आणि कमी उंचीवरून लाइन ओलांडायची वेळ कधी आलीच, तर टॉवरच्या डोक्यावरून ओलांडायची, कारण लाइनमधली सगळ्यांत उंच गोष्ट तीच असते आणि ती दिसते.

साधारण तीन अंशांच्या उतारावर एका नॉटिकल मैलाला सुमारे ३१८ फूट उंची कमी होते. म्हणजे धावपट्टीपासून मैलभरावर तुम्ही नीट उतारावर असाल, तर धावपट्टीच्या पातळीपासून तीनशे फुटांच्या वर असता. टॉवर बराच खाली राहतो. हा हिशोब मी त्या दिवशी घरी येऊन कागदावर मांडला आणि आण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी परत विचारलं की टॉवरवर लाल दिवे, तारांवर रंगीत गोळे नसतात का. इथे २०० फुटांपेक्षा उंच काही बांधायचं असेल तर एफएएला आधी कळवावं लागतं. मोठ्या धावपट्टीच्या भोवती २०,००० फुटांपर्यंत तर त्याहून कमी उंचीच्या गोष्टींनाही हे लागू होतं, दर १०० फूट अंतराला एक फूट या चढाच्या वर काही येत असेल तर. कळवल्यावर तपासणी होते. दिवे सरसकट सगळ्यांना लागत नाहीत. भारतात याचसाठी २०१५ चे उंचीबंदीचे नियम आहेत आणि विमानतळ प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नागपूरकडे घर बांधलेल्यांना ते ठाऊक असेल. आण्णांचं म्हणणं, गोळे लावायला फार खर्च येत नाही, विमानतळाच्या तोंडावरच्या प्रत्येक लाइनवर लावलेच पाहिजेत. मलाही तसंच वाटतं. बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी आपली पोरं शिकतात. तिथल्या लाइनमनच्या आणि पायलटच्या वहीत एकाच तारेची नोंद असायला हवी.

सप्टेंबरमध्ये, गणपतीच्या आधीच्या शनिवारी, लांबचा प्रवास केला. २५० नॉटिकल मैल, तीन विमानतळ, तीन वेगवेगळ्या प्रकारचे ॲप्रोच. त्यातला एक फ्रेडरिकचा आयएलएस, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ किरणांच्या आधाराने उतरायचा ॲप्रोच. या दिवशी पेट्रोल, जेवण, स्वच्छतागृह यांचा विचार आधी करा. पाच-सहा तास जातात आणि तिसऱ्या ॲप्रोचपर्यंत मेंदू थकतो. मी घरून थालीपीठ नेलं होतं, ते विमानाच्या पंखाखाली उभं राहून खाल्लं.

प्रॅक्टिकल परीक्षा घेणारे परीक्षक मिळणं हाच आजकाल मोठा अडसर आहे. मी ऑगस्टमध्ये फोन करायला सुरुवात केली तेव्हा ऑक्टोबरअखेरची तारीख मिळाली. त्या दिवशी वारा इतका होता की परीक्षकांनी सकाळीच फोन करून पुढे ढकललं. पुढची तारीख दिवाळी झाल्यानंतरच्या आठवड्यातली. थंडीत अजून उशीर झाला असता, तर ढगात बर्फ धरायला लागतो आणि आमच्या सेसना १७२ विमानाला बर्फ झटकायची काही सोय नाही. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी वसंतात सुरुवात करून ऑक्टोबरपर्यंत संपवावं. लेखी परीक्षा होण्याची वाट न बघता परीक्षकांची तारीख धरून ठेवा.

परीक्षेच्या दिवशी आधी सुमारे दोन तास तोंडी. त्यात त्यांनी विचारलं, "शेवटच्या उंचीवर आहात. धावपट्टी दिसत नाही, पण खाली रस्त्याचे दिवे आणि एका दुकानाची पाटी स्पष्ट दिसते आहे. खाली याल का?" मी म्हटलं, नाही. "का?" नियमातल्या यादीत धावपट्टीचे दिवे आहेत, उंबरठ्याच्या खुणा आहेत, ॲप्रोचचे दिवे आहेत. रस्त्याचे दिवे नाहीत. ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मग उड्डाण. तीन ॲप्रोच, एक होल्ड, त्यातला एक ॲप्रोच महत्त्वाची उपकरणं झाकून. परीक्षेच्या मानकांत साध्या उड्डाणाला उंची १०० फूट वर-खाली चालते. पण उभा उतार न दाखवणाऱ्या ॲप्रोचच्या शेवटच्या उंचीवर पोचलात की लिहिलेलं असतं: अधिक १००, उणे शून्य. वर १०० फूट चालतील. खाली एक फूटसुद्धा नाही. वर्षभर हा आकडा माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला होता. त्या पायरीवर मी शेवटच्या उंचीच्या ४० फूट वर विमान धरलं, "४० वर आहे, धरते आहे" असं मोठ्याने सांगितलं, आणि वेळ संपल्यावर परत चढले. उतरल्यावर परीक्षकांनी हात मिळवला आणि तात्पुरतं सर्टिफिकेट छापून दिलं. ते १२० दिवस चालतं, प्लास्टिकचं कार्ड नंतर टपालाने येतं. गाडीत बसल्यावर मी रडले. मग आण्णांना उठवलं, त्यांच्याकडे पहाट व्हायची होती. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "टॉवरच्या वरनंच आलीस न्हवं?"

पैशांचं सांगते, हे दर २०२३ चे. विमान तासाला १९० डॉलरच्या आसपास, पेट्रोल धरून. इन्स्ट्रक्टर तासाला ८०. सिम्युलेटर ७० ते ९०. परीक्षकांची फी ९००, ती वेगळी आणि रोख किंवा चेकने. ऑनलाइन कोर्स, प्लेट्सचं ॲप, हुड असं किरकोळ धरून मला एकूण १५,००० डॉलरच्या थोडं खाली आलं. दर महिन्याला बाजूला टाकलेले पैसे होते, कर्ज काढलं नाही. मध्ये खंड पडला की मागचं विसरतं आणि तेच धडे पुन्हा पैसे देऊन करावे लागतात. म्हणून आठवड्यातून दोनदा जाता येईल एवढे पैसे आणि वेळ हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नका.

रेटिंग मिळालं तरी ते जिवंत ठेवावं लागतं. मागच्या सहा महिन्यांत सहा ॲप्रोच, होल्डिंग आणि मार्ग धरून उडणं झालेलं नसेल तर ढगात जाता येत नाही. मी महिन्यातून एक सकाळ त्याच कामाला ठेवली आहे, कुणा पायलटला शेजारी बसवून हुड घालते. जीपीएसचा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो. भाड्याच्या विमानात तो ताजा आहे का, ते चावी घेतानाच विचारते.

आणि नियमातल्या आकड्यांपेक्षा मोठे आकडे मी स्वतःसाठी लिहून ठेवले आहेत: ढगांचा तळ ८०० फुटांच्या खाली असेल, किंवा दृश्यता तीन मैलांहून कमी असेल, तर माणसं घेऊन निघायचं नाही. डिसेंबरात नणंदेकडे फिलाडेल्फियाला जायचं होतं. विमान बुक केलेलं, मुलगी सकाळपासून बॅग घेऊन तयार. परतीच्या वेळेला इथला अंदाज ६०० फुटांचा दाखवत होता. नियमाने जाता आलं असतं. आम्ही गाडी काढली.